जुनी गणिताची पुस्तकं आणि तसबिरी संशोधन केंद्राला द्यायच्यात? टेम्पो सगळ्यात शेवटी बोलवा

परवा पुन्हा तसाच फोन. आजोबा गणिताचे प्रोफेसर होते, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय, महिनाअखेर फ्लॅट रिकामा करायचाय, चार-पाचशे पुस्तकं आहेत, दोन मोठ्या तसबिरी आहेत, शनिवारी टेम्पो सांगून ठेवलाय, तर कुठे नेऊन टाकू? हे 'टाकू' ऐकलं की पुढचं सगळं मला दिसायला लागतं. शनिवार असतो, लायब्ररी अर्धा दिवस, वॉचमन म्हणतो साहेबांना विचारल्याशिवाय आत घेता येणार नाही, टेम्पोवाला वेटिंग लावतो, आणि शेवटी ती खोकी जिन्याखाली उतरतात आणि पहिल्या पावसात भिजतात. मग घरचे म्हणतात संस्थेला किंमत नाही, संस्था म्हणते लोक कचरा आणून टाकतात, आणि खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबरच असतं.

गडबड क्रमाची असते. लोक आधी गाडी ठरवतात, मग फोन करतात, आणि यादी कधीच करत नाहीत. हे नेमकं उलटं हवं. म्हणून खाली टप्प्याटप्प्यानं लिहितोय. पुण्यातलं भास्कराचार्य प्रतिष्ठान असो, मुंबईतलं टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, असो, नाहीतर एखाद्या विद्यापीठाचा गणित विभाग, प्रत्येकाचे स्वतःचे नियम असतात आणि ते त्यांनाच विचारायचे, पण तुमच्या बाजूची तयारी सगळीकडे सारखीच.

टप्पा १: काहीही हलवायच्या आधी फोटो

पहिल्या दिवशी एकही पुस्तक उचलू नका. कपाट उघडा, समोरून प्रत्येक खणाचा मोबाईलवर फोटो काढा, पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचता येतील इतक्या जवळून. खणांना नंबर द्या, क१, क२ असं काहीही चालेल. हे कशासाठी, तर पुस्तकं ज्या क्रमानं लावलेली असतात त्यालाही अर्थ असतो. आजोबा कुठल्या विषयावर काम करत होते, कुठलं पुस्तक कशाशेजारी होतं, कुठल्या वहीतली टिपणं कुठल्या पुस्तकाची, हे त्या रचनेवरून कळतं आणि एकदा ढीग केला की ते कायमचं गेलं.

मग सुटे कागद. पुस्तकात खोचलेल्या चिठ्ठ्या, पाकिटं, पाठकोऱ्या कागदांवरची आकडेमोड, वह्या. यातलं काहीही फेकायचं नाही आणि जिथे सापडलं तिथून वेगळंही करायचं नाही. हलवावंच लागलं तर कोऱ्या कागदाच्या पाकिटात घाला आणि वर पेन्सिलीनं लिहा, अमुक खण, अमुक पुस्तक, अमुक पान. रामानुजनची जिला 'हरवलेली वही' म्हणतात ती खरं तर वही नव्हतीच, सुटी पानं होती. रामानुजनच्या कामावर संशोधन करणारे इंग्रज गणिती जी. एन. वॉटसन १९६५ मध्ये गेले तेव्हा ती त्यांच्या घरातल्या कागदांच्या ढिगात होती, तिथून १९६८ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजकडे गेली आणि १९७६ मध्ये अमेरिकन गणिती जॉर्ज अँड्र्यूजना तिथल्या खोक्यात दिसली. तो ढीग कुणी वेळेवर बघितला नसता तर जळालाच असता. तुमच्या माळ्यावर रामानुजन नसेल हो, पण सुट्या कागदाला सवय म्हणून हात लावायचा नाही.

थांबा: फोटो आणि खणांचे नंबर झाल्याशिवाय टप्पा २ नाही. फार तर दोन तासांचं काम आहे.

टप्पा २: पुस्तकं नक्की तुमची आहेत का?

हा प्रश्न विचारला की लोकांना राग येतो. पण आजोबा मृत्युपत्र न करता गेले असतील तर ती पुस्तकं सगळ्या कायदेशीर वारसांची, फक्त ज्याच्या फ्लॅटमध्ये कपाट आहे त्याची नाहीत. न्यू जर्सीतला चुलतभाऊ वीस वर्षांत एकदाही फिरकला नसेल, पण आजोबांची तसबीर दिली म्हटल्यावर त्याचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल येणारच. तेव्हा सगळ्यांकडून आधीच लेखी संमती घ्या. साधं एक पानी पत्र, सगळ्यांच्या सह्या, परदेशातल्यांनी सही करून स्कॅन पाठवलं तरी सुरुवातीला पुरतं, मूळ कागद नंतर कुरिअरनं येऊ दे. आणि 'आईनं हो म्हटलंय' ही संमती नव्हे.

दुसरी गोष्ट शिक्के. प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान, शेवटचं पान आणि मधलं एखादं पान बघा, लायब्ररीवाले मधल्या ठरलेल्या पानावरही शिक्का मारून ठेवतात. कॉलेजचा किंवा सार्वजनिक वाचनालयाचा शिक्का असेल आणि 'रद्द' किंवा 'संग्रहातून काढले' असा दुसरा शिक्का नसेल, तर ते पुस्तक बहुतेक परत करायचं राहिलंय. १९६२ मध्ये नेलेलं असलं तरी ते त्यांचंच. असली पुस्तकं वेगळी काढा आणि त्या त्या वाचनालयाला कळवा. आजवर एकालाही दंड लागलेला मी पाहिला नाही, उलट चहा मिळालाय.

टप्पा ३: जुनं आणि दुर्मिळ वेगळं करा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. जुनं म्हणजे दुर्मिळ नाही. हॉल-नाइटचं बीजगणित आणि लोनीची त्रिकोणमिती महाराष्ट्रातल्या निम्म्या मास्तरांच्या घरी असायची, त्यांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, १९४० सालची प्रत तुमच्यासाठी भावनेची असेल, केंद्रासाठी ती सातवी प्रत असते. आणि दुसरीकडे लोक रद्दीत काय घालतात? बारीक, पुठ्ठा नसलेल्या, पिन मारलेल्या पुस्तिका. देवळालीचे द. रा. कापरेकर, ६१७४ या आकड्यामुळे जगभर माहीत झालेले, त्यांनी कितीतरी पुस्तिका स्वतःच्या खर्चानं छापल्या. असल्या वीस-तीस पानी चोपड्या कुठल्याच लायब्ररीनं नीट जपलेल्या नसतात, म्हणून केंद्राला त्या जाडजूड पुस्तकांपेक्षा जास्त हव्या असतात.

चार ढीग करा, म्हणजे मनात, खरे ढीग नकोत, फक्त कागदाच्या पट्ट्या खोचा:

अ पट्टी: हस्तलिखितं, पोथ्या, वह्या, पत्रं, लेक्चरची टिपणं.

ब पट्टी: एकोणिसाव्या शतकातलं काहीही, विशेषतः मराठीतलं. शिळाप्रेसवर छापलेली गणिताची पुस्तकं, पंचांगाची आणि ग्रहगणिताची कोष्टकं, केरूनाना छत्र्यांच्या १८६० च्या 'ग्रहसाधनाची कोष्टके' सारखी. बारीक पुस्तिकाही यातच.

क पट्टी: साधं पुस्तक पण विशेष प्रत. समासात कुणीतरी टिपा लिहिलेली, लेखकानं सही करून दिलेली, किंवा संशोधन लेखाची सुटी छापील प्रत, जिच्यावर 'सप्रेम भेट' आणि तारीख आहे.

ड पट्टी: बाकी सगळं. हा ढीग सगळ्यात मोठा होणार, दहातली आठ पुस्तकं यातच जातील, मनाची तयारी ठेवा.

पोथ्यांबद्दल एक वेगळा सल्ला. गणित संशोधन केंद्राची लायब्ररी बहुतेकदा छापील पुस्तकांसाठी बांधलेली असते, पोथी सांभाळायची सोय तिथे असेलच असं नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीची किंवा एखाद्या करणग्रंथाची, म्हणजे ग्रहगणिताच्या ग्रंथाची, हाती लिहिलेली पोथी निघाली तर भांडारकर संस्था किंवा आनंदाश्रम अशा पोथ्यांची सवय असलेल्या ठिकाणी आधी विचारा. केंद्राला तिचं स्कॅन देता येतं. सगळं एकाच छपराखाली राहावं हा घरच्यांचा हट्ट समजतो, पण वाळवीला तो समजत नाही.

टप्पा ४: यादी, जी कुणालाच करायची नसते

यादीशिवाय कुठलंही शहाणं केंद्र हो म्हणणार नाही, कारण 'आजोबांची दुर्मिळ पुस्तकं' या शब्दांवरून त्यांना काहीच ठरवता येत नाही. अ, ब, क पट्टीची पूर्ण यादी करा, ड पट्टीची नुसती नाव-लेखक-वर्ष एवढी पुरे. एक्सेलमध्ये रकाने असे: अनुक्रमांक, खण, लेखक, नाव जसं छापलंय तसंच, आवृत्ती, प्रकाशक किंवा छापखाना, गाव, छापलेलं वर्ष, इसवी सन, पानं, अवस्था, सह्या आणि शिक्के, फोटो नंबर.

नाव पुठ्ठ्यावरून उतरवायचं नाही, आतल्या शीर्षकपानावरून. पुठ्ठा नंतर बदललेला असतो, आणि बाइंडरनं सोनेरी अक्षरांत काय लिहावं याला धरबंध नसतो.

आता वर्ष. 'छापलेलं वर्ष' आणि 'इसवी सन' हे दोन वेगळे रकाने मुद्दाम सांगितलेत. जुन्या मराठी पुस्तकांवर शके असतं. एका घरातून मला यादी आली, त्यात अंकगणिताचं पुस्तक, साल १८०३. वाचून उडालोच, कारण १८०३ मध्ये मराठीत असं पुस्तक छापलेलं असणं म्हणजे इतिहासच बदलायचा. फोटो मागवला तर खाली बारीक अक्षरात 'शके १८०३ वृषनाम संवत्सरे'. शकात ७८ मिळवायचे, म्हणजे १८८१. वर्षाअखेरचे पौषानंतरचे महिने असतील तर ७९ मिळवावे लागतात. संवत्सराचं नाव दिलेलं असेल तर ताळा फुकटात मिळतो, पंचांगवाल्यांची जुनी रीत आहे: शकात १२ मिळवा, ६० नं भागा, बाकी उरेल तितकावं संवत्सर. १८०३ आणि १२ मिळून १८१५, भागून बाकी १५, आणि साठ संवत्सरांच्या चक्रात पहिल्या प्रभवापासून पंधरावं वृष. जुळलं. जुळलं नाही तर आकडा वाचण्यात चूक आहे, जुन्या छपाईत १ आणि ९ फसवतात. विक्रम संवत असेल तर साधारण ५७ वजा करा, आणि 'सन' नुसतं लिहिलेलं असेल तर जुन्या कारभारातला फसली किंवा शुहूर सनही असू शकतो, तिथे अंदाज न करता प्रश्नचिन्ह टाका.

रचनेचं साल आणि छपाईचं साल यातही गल्लत होते. लीलावती शके १०७२ ची, म्हणजे ११५० ची, म्हणून तुमच्याकडची छापील प्रत साडेआठशे वर्षांची होत नाही. हसू नका, हे मला दोनदा सांगितलं गेलंय.

अवस्था हा रकाना प्रामाणिकपणे भरा. 'चांगली' असं लिहून काही होत नाही. 'पाठ सुटलेली, पान ३ ते ६ नाहीत, खालच्या कोपऱ्यात कसरीची भोकं, कागद वाकवला की तुटतो' असं लिहा. पानं खरोखर मोजा, निदान अ आणि ब पट्टीची तरी.

तपासा: यादीतल्या कुठल्याही पाच ओळी घेऊन दुसऱ्या माणसाला फक्त तेवढ्यावरून पुस्तकं शोधायला सांगा. पाचही सापडली तर यादी झाली.

टप्पा ५: तसबिरी

तसबिरीत पहिला प्रश्न, हे कोण आहेत? सांगायला सोपं, पण गणितज्ञांच्या चित्रांत मोठमोठे लोक फसलेत. फ्रेंच गणिती लजांद्र म्हणून पुस्तकांत वर्षानुवर्षं जे चित्र छापलं जात होतं ते दुसऱ्याच लजांद्रचं, एका राजकारणी माणसाचं निघालं, आणि हे उघड झालं २००५ च्या सुमारास. आता गणिती लजांद्रचं म्हणून फक्त एक व्यंगचित्र उरलंय. आपल्याकडे भास्कराचार्यांची जी चित्रं दिसतात ती सगळी चित्रकारांच्या कल्पनेतली, तेव्हा 'भास्कराचार्यांचं अस्सल पोर्ट्रेट' असं पत्रात लिहू नका, चित्रकाराचं नाव आणि साल लिहा.

ओळख पटवायची तर तसबीर उलटी करा. मागे फ्रेमवाल्याची चिठ्ठी असते, पेन्सिलीनं लिहिलेलं नाव असतं, कधी बक्षीस समारंभाची तारीख. एका वाड्यात रँग्लर परांजप्यांचं म्हणून पूजलेलं मोठं चित्र होतं, दसऱ्याला हार घालायचे. मागचा खाकी कागद सुटला होता तिथून आत बघितलं तर 'ती. अण्णा, वय ५२'. घरचेच पणजोबा निघाले. पगडी तीच, मिशा त्याच. तसबीर घरातच राहिली आणि माझ्या मते सगळ्यांचं भलं झालं.

नोंद अशी करा: उंची आधी, रुंदी नंतर, सेंटिमीटरमध्ये, फ्रेमसकट आणि फ्रेमशिवाय दिसणारी. माध्यम कळत असेल तर लिहा, कॅनव्हासवर तैलरंग की कागदावर जलरंग की फोटो मोठा करून हाताने रंगवलेला, आणि हा तिसरा प्रकार आपल्या घरांत सगळ्यात जास्त. कळत नसेल तर भिंगातून चेहरा बघा, रंगाखाली फोटोसारखी गुळगुळीत छटा दिसली की समजायचं. चित्रकाराची सही बहुतेक खालच्या कोपऱ्यात, फ्रेमखाली दडलेली असते, ती बघायला फ्रेम उचकटू नका. पुढून, मागून, सहीचा आणि चिठ्ठीचा असे चार फोटो पुरेत.

सावध: तसबीर शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा लागू होतो. काही प्रकारच्या वस्तूंची, त्यात रंगचित्रं आणि चित्रं असलेल्या पोथ्या येतात, नोंदणी करावी लागते आणि नोंदवलेली वस्तू दुसऱ्याकडे गेली की नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. राजा रविवर्मा यांच्यासारख्या कलानिधी घोषित झालेल्या चित्रकारांचं काम तर शंभर वर्षांचं नसलं तरी देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांना मर्यादा ७५ वर्षांची. म्हणजे अमेरिकेतल्या मुलाच्या विद्यापीठाला द्यायची म्हणून पोथी सुटकेसमध्ये घालून पाठवणं हा सरळसरळ गुन्हा. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आधी विचारा.

टप्पा ६: साफसफाई, जितकी कमी तितकी बरी

गॅलरीत किंवा पंख्याविना हवेशीर खोलीत बसा, तोंडाला एन-९५ मास्क, हात कोरडे आणि स्वच्छ. पुस्तक घट्ट मिटून धरा आणि मऊ रुंद ब्रशनं पाठीकडून बाहेरच्या दिशेनं वरची कड झटका. झालं. याच्यापुढे जायचं नाही.

न करायच्या गोष्टी जास्त आहेत. उन्हात वाळवू नका, आईनं पापडासारखी वाळवली असतील तरी, कागद पिवळा पडून कडकडीत होतो. सेलोटेप नाही, फेव्हिकॉल नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. डांबरगोळ्या, गॅमेक्सिन, फवारे नकोत, वास वर्षानुवर्षं जात नाही आणि लायब्ररीतल्या माणसाचं डोकं उठतं. गंजलेल्या पिना ओढून काढू नका, कागद त्यांच्याबरोबर येतो. आणि 'नवीन बाइंडिंग करून देतो' हा प्रेमळ विचार तर सोडाच, कारण बाइंडर कडा मशिनवर कापून सरळ करतो आणि समासातल्या टिपांची अर्धी अक्षरं जमिनीवर पडतात. ज्या टिपांसाठी केंद्र ते पुस्तक घेणार होतं त्याच.

तसबिरीला ओलं फडकं लावू नका, खोबरेल नको, कापलेला बटाटा नको. फ्रेमच्या मागची धूळ ब्रशनं काढा, रंगाला हात नाही.

बुरशी ओली, केसाळ, पसरणारी दिसली तर ब्रशही नको. ते पुस्तक कागदात गुंडाळून वेगळं ठेवा आणि यादीत लिहा. किड्याची शंका असेल, म्हणजे पुस्तक उचललं की पिठासारखी भुकटी पडते, तर पारदर्शक पिशवीत सीलबंद करून वर तारीख टाका आणि दोन-तीन आठवड्यांनी बघा. नवी भुकटी दिसली तर किडा जिवंत आहे, हे केंद्राला सांगायचंच. लपवून दिलेलं एक पुस्तक त्यांचं अख्खं कपाट खातं.

पोथ्यांच्या बाबतीत आणखी एक. आपण 'हरताळ फासला' म्हणतो ना, ते इथूनच आलंय. पोथीत अक्षर चुकलं की लेखनिक त्यावर पिवळी हरताळ लावून ते झाकायचा. ही हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग, विषारी. तेव्हा बोट जिभेला लावून पान उलटायची सवय असेल तर पोथीपुरती सोडा, आणि नंतर हात साबणानं धुवा. एकोणिसाव्या शतकातल्या विलायती पुस्तकांचे काही झगझगीत हिरवे कापडी पुठ्ठेही याच जातीचे असतात. पोथीच्या फळ्या आणि बासन काढून फेकू नका, ते पोथीचाच भाग आहेत.

टप्पा ७: आता केंद्राला लिहा

फोन नाही, ईमेल. ग्रंथपालांना, आणि प्रत संचालकांना किंवा कार्यालयाला. लांबलचक चरित्र नको. साधारण असं पुरतं:

'माझे आजोबा अमुक ते अमुक साली अमुक कॉलेजात गणित शिकवत. त्यांच्या संग्रहातली ४३ पुस्तकं आणि पुस्तिका, ६ वह्या आणि एक तैलचित्र आपल्याला भेट द्यायची इच्छा आहे. यादी आणि निवडक फोटो जोडले आहेत. सर्व वारसांची संमती आहे. यातलं आपल्याला उपयोगी असेल तेवढंच घ्यावं. पुस्तकं सध्या पुण्यात आहेत, येऊन पाहता येतील.'

'उपयोगी असेल तेवढंच घ्यावं' या वाक्यात सगळं आहे. 'सगळं घ्या नाहीतर काहीच नाही' म्हटलं की बहुतेक ठिकाणी दार बंद, कारण जागा, कपाटं, नोंदी करायला माणूस, सगळंच तोकडं असतं.

चार प्रश्न तुम्हीही विचारा: ठेवणार कुठे आणि दमट हवेचं काय करता? संशोधकांना बघायला मिळेल का? स्कॅन करणार का? दुबार प्रती निघाल्या तर त्यांचं काय? उत्तर 'बघू' असं आलं तर दुसरीकडेही पत्र पाठवायला हरकत नाही, पण एका वेळी एकाच ठिकाणी हो म्हणा. दोन केंद्रांना तेच तैलचित्र कबूल केलेलं एक कुटुंब मला माहीत आहे, तो किस्सा परत कधीतरी.

नकार आला तर तो अपमान नाही. कुणाकडे देऊ, एवढं मात्र विचारा, ग्रंथपाल एकमेकांना ओळखतात.

थांबा: 'स्वीकारतो' असं लेखी आणि यादीतल्या नेमक्या क्रमांकांसकट आल्याशिवाय एकही खोकं भरू नका. तोंडी 'पाठवा हो' हे म्हणणाऱ्याला तो अधिकार असेलच असं नाही, बऱ्याच संस्थांत विश्वस्तांची किंवा समितीची मंजुरी लागते.

टप्पा ८: दानपत्र, आणि करसवलतीचा गैरसमज

पुस्तकं आणि चित्रं ही जंगम मालमत्ता. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे त्यांची भेट प्रत्यक्ष ताबा देऊनही पूर्ण होते, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. तरीही दोन पानी दानपत्र करा, दोन्हीकडच्या सह्या, दोन साक्षीदार, यादी परिशिष्ट म्हणून जोडलेली आणि प्रत्येक पानावर सही. स्टँप वगैरेचं वकिलाला विचारा.

त्याच कायद्यात एक बारीक गोष्ट आहे जी वयस्कर देणाऱ्यांनी लक्षात ठेवावी: भेट देणारा हयात असतानाच ती स्वीकारली गेली पाहिजे. 'माझ्यामागे तुम्ही घेऊन जा' असं प्रेमानं सांगून ठेवलं म्हणजे भेट होत नाही. तसं हवं असेल तर मृत्युपत्रात लिहा, नाहीतर आत्ताच द्या.

दानपत्रात अटी घालायचा मोह फार होतो. स्वतंत्र दालन, आजोबांचं नाव, तसबीर मुख्य हॉलमध्ये कायम. कायमचं कुणीच कबूल करू नये आणि तुम्ही मागू नये. मागण्यासारख्या गोष्टी एवढ्याच: प्रत्येक पुस्तकावर आणि नोंदीत देणगीदाराचा उल्लेख, तसबिरीखाली नाव आणि साल बरोबर, आणि पुढे केंद्राला काही नको झालं तर विकण्याआधी कुटुंबाला किंवा दुसऱ्या लायब्ररीला विचारणं.

कॉपीराइट वेगळा असतो. वही दिली म्हणजे वहीतला मजकूर छापायचा हक्क दिला असं होत नाही, तो वारसांकडेच राहतो, आणि लेखकाच्या हयातीत न छापलेल्या मजकुराची ६० वर्षं आपल्याकडे पहिल्यांदा छापल्यापासून मोजतात. स्कॅन करून सगळ्यांना दाखवायला परवानगी द्यायची असेल तर ते वाक्य दानपत्रात घाला. पत्रांत तर आणखी गंमत, कागद तुमचा पण हक्क ज्यानं पत्र लिहिलं त्याच्या वारसांचा.

आणि कर. देणगीवरची आयकर सवलत, जिला लोक ८०जी म्हणतात, ती फक्त पैशांच्या देणगीला मिळते, वस्तूंना नाही. 'दहा लाखांची पुस्तकं दिली, पावती द्या' असं म्हणून ग्रंथपालाला अडचणीत आणू नका, किंमत लिहून द्यायचा त्याला अधिकार नाही. त्यापेक्षा पुस्तकांबरोबर जपणुकीसाठी थोडे पैसे द्या, दोन हजारांच्या वर असतील तर रोख नको, चेक किंवा ऑनलाइन, आणि संस्था पात्र असेल तर त्याची पावती मिळते. खोक्यांचा आणि स्कॅनिंगचा खर्च निघाला की संस्थेत तुमची पुस्तकं रांगेत पुढे सरकतात, हे कुणी बोलून दाखवत नाही.

टप्पा ९: पॅकिंग, मग टेम्पो

जून ते सप्टेंबर शक्यतो नको. द्यावंच लागलं तर बंद गाडी, ताडपत्री नाही.

खोकी लहान आणि कोरी, दहा-बारा किलोच्या वर भरू नका, हमालाच्या हातून निसटतं ते नेहमी जडच खोकं असतं. गोणी नको, आंब्याच्या पेट्या नकोत. पुस्तकं आडवी ठेवा, मोठी खाली, किंवा पाठ खाली करून उभी, पण कड खाली करून कधीच नको, पानांच्या वजनानं बाइंडिंग सुटतं. मोकळ्या जागेत कोरा कागद, वर्तमानपत्र नको, शाई लागते. प्रत्येक खोक्यात त्या खोक्याची यादी, आणि बाहेर नंबर दोन बाजूंना. पोथ्या आणि वह्या टेम्पोत न घालता स्वतःच्या गाडीतून न्या.

तसबिरी उभ्याच न्यायच्या, आडव्या ठेवून वर काही रचलं तर संपलं. काच असेल तर काचेवर मास्किंग टेपच्या फुल्या मारा म्हणजे फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत, पण टेप फ्रेमच्या सोनेरी रंगाला लागू देऊ नका. काच नसलेल्या तैलचित्रावर आधी बटर पेपर, चारी कोपऱ्यांना पुठ्ठा, मग बबल रॅप, आणि फुगे बाहेरच्या बाजूला. उन्हात तापलेल्या गाडीत फुग्यांचे गोल ठसे रंगावर उठतात आणि ते मग जात नाहीत.

तपासा: निघताना खोकी मोजा, उतरवताना परत मोजा, आणि दोन्ही वेळी तुमचा माणूस हजर हवा. वेळ आधी ठरवलेली, कामाचा दिवस, सकाळची वेळ.

टप्पा १०: पोचवल्यानंतर

त्याच दिवशी पोचपावती, खोक्यांच्या संख्येसह. सविस्तर, दाखल क्रमांकांसह पावती नंतर येते, आणि मागितल्याशिवाय बहुतेकदा येत नाही, तेव्हा दोन-तीन महिन्यांनी एक सभ्य ईमेल टाका. ते दाखल क्रमांक तुमच्या एक्सेलमध्ये शेवटच्या रकान्यात भरा आणि ती फाइल सगळ्या वारसांना पाठवून ठेवा. उद्या पणतीला आजोबांची वही बघायची असेल तर तिला हाच नंबर सांगावा लागणार.

आता उरला ड ढीग. त्यातली वापरण्यासारखी पाठ्यपुस्तकं जवळच्या कॉलेजला किंवा गरजू मुलांना द्या, शाळांच्या ग्रंथालयांना विचारा. रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी मात्र प्रत्येक पुस्तक एकदा चाळा, उलटं धरून झटकू नका, सावकाश पान पान. आमच्याकडे अशाच एका फाटक्या लोनीत पीएमटी बसची तिकिटं निघाली, लग्नाचं एक आमंत्रण निघालं, आणि एक पोस्टकार्ड, ज्यावर मागच्या बाजूला कुणीतरी अर्धवट सोडवलेलं गणित होतं आणि खाली लिहिलं होतं, पुढचं तुम्ही करा. ते आता अ पट्टीत आहे, यादीत क्रमांक ४४.